पाण्याची मोटर आणि आठवी आज्ञा

कुंपणावरून गप्पा मारायच्या तर आधी कुंपण असावं लागतं. नवी मुंबईत टॉवरमध्ये राहणाऱ्यांच्या नशिबी लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये माणूस एकतर मोबाइलकडे बघतो नाहीतर मजल्यांच्या आकड्यांकडे. आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधली माणसं त्या बाबतीत श्रीमंत. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली तेव्हा सात-सात घरांचा एकेक पुंजका केला, मध्ये छोटंसं अंगण सोडलं आणि एकाही घराची भिंत शेजारच्या भिंतीला चिकटू दिली नाही. उद्या कुणाला खोली वाढवायची झाली, माळा चढवायचा झाला तर शेजाऱ्याशी भांडण नको, हा हेतू. लोकांनी खोल्या वाढवल्या, माळे चढवले, काहींनी मूळ घर पाडून तीन मजली इमले उठवले. कोरियांचं उतरत्या छपराचं घर आता शोधावं लागतं. अंगण मात्र टिकलं. सात दारं एकाच अंगणात उघडणार म्हटल्यावर कुणाकडे कोण आलं, किती वाजता आलं, येताना हातात काय होतं आणि जाताना काय नेलं, हे कळायला सीसीटीव्ही लागत नाही.

"त्याच कोरियांनी दादरचं आमचं पोर्तुगीज चर्चपण बांधलंय हं," मावशी दर वेळी आठवण करून देतात. खरंच आहे ते, सत्तरच्या दशकातलं काम. म्हणजे एकाच माणसाने पाप कबूल करायची जागाही बांधली आणि करायचीही.

मावशी माझ्या डाव्या हाताच्या कुंपणापलीकडे. मूळच्या वसईच्या, कॅथलिक, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. वसईहून कुणी आलं की सुकेळी येतात, त्यातला एक पुडा कुंपणावरून माझ्याकडे. समोर काकू. काकूंची बहीण डोंबिवलीला, रोज सकाळी साडेदहाला तिचा फोन. काकूंचा स्वभाव चौकस. यापुढचा शब्द मी वापरणार नाही, कारण जे सांगायचंय ते नेमकं त्याच विषयावर आहे.

तर मे महिन्यातली गोष्ट. पाण्याचा दाब कमी झाला होता. आमच्या महापालिकेचं खालापूरकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आम्ही ठाण्याकडे जरा वरूनच बघतो. पण मे महिन्यात नळाला करंगळीएवढी धार आली की धरणाचा अभिमान फार वेळ टिकत नाही. काकूंनी शोध लावला.

"कोपऱ्यातले नाना लाइनला डायरेक्ट मोटर लावतात. मी बघितलं. मीटरच्या पुढे टी बसवलाय, तिथून हिरवा पाइप थेट मोटरला. वर गोणपाट टाकलंय. साडेसहाला पाणी आलं की घुंऽऽ सुरू. आणि हे पेन्शनर, हे रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारे!"

"पाइप हिरवा होता?" मी विचारलं. मलाही तपशील आवडतो.

"हिरवा. बागेचा असतो ना, तसला."

मावशी कढीपत्ता खुडत होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

काकूंनी बोटं मोजली. चार घरं. दूधवाला, कारण तो विषय त्यानेच काढला. आणि डोंबिवली.

"डोंबिवलीला नानांच्या मोटरीचं काय?" मी म्हटलं.

"तिला सगळं सांगते मी. ती काय कुणाला ओळखते?"

मावशी म्हणाल्या, "अगं बाय, हे आठव्या आज्ञेत येतं."

आता मावशींच्या दहा आज्ञांतली आठवी म्हणजे शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्याची मनाई. (नगरकडचे प्रॉटेस्टंट तीच आज्ञा नववी म्हणून मोजतात. आज्ञा दहाच, पण कुठून तोडायच्या यावर दोन पंथांचं गणित वेगळं. या वादात मी पडत नाही.) काकू लगेच फिस्कारल्या. "खोटी कुठली? मी डोळ्याने बघितलंय! फोटो आहे माझ्याकडे!"

"खरी आहे म्हणूनच सांगते," मावशी म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा मोठा ग्रंथ, कॅटेकिझम, १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मंजूर केला. त्यात या आज्ञेखाली दुसऱ्याच्या नावाला धक्का लावण्याचे तीन प्रकार वेगवेगळे मोजले आहेत. पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणं, हा पहिला. यात तोंडही उघडावं लागत नाही. तिसरा म्हणजे खोटा आळ, तो कुणालाही कळतो. पण मधला जो आहे तो काकूंच्या घशात अडकला. दुसऱ्याचा खरा दोष, तसं ठोस कारण नसताना, ज्याला तो माहीत नव्हता त्याला सांगणं. तोही अपराध.

"खरं बोलणं पाप?" काकूंचा आवाज चढला. "आमच्याकडे बाई सत्यनारायण घालतात!"

"कारण असेल तर खरं बोलायचंच. डोंबिवलीचं पाणी नाना ओढत नाहीत ना?"

इथे काकू गप्प होतील असं कुणाला वाटलं असेल तर त्याला काकू माहीत नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी." मावशींनी दुसऱ्याच्या डोळ्यात बघण्याआधी स्वतःच्या डोळ्यात बघायचं काहीतरी सुरू केलं, तर काकू म्हणाल्या, "कुसळ-मुसळ? ते आमचं आहे. माझी आजी म्हणायची." मावशी म्हणाल्या, मत्तय, सातवा अध्याय. काकू म्हणाल्या, आजी कर्जतच्या बाहेर कधी गेली नव्हती, तिला मत्तय कुठला भेटायला. पाच-सात मिनिटं नाना आणि त्यांची मोटर बाजूला राहिली, आणि मुसळ कुणाचं यावर दोघींची जुंपली.

मला मात्र त्या मधल्या प्रकाराने धरून ठेवलं. कारण त्याच्या पुढची पायरी मावशींनी नंतर, काकू कुकरची शिट्टी ऐकून आत पळाल्यावर, सांगितली. नुसतं कन्फेशन करून भागत नाही. ज्याचं नाव घालवलं त्याचं ते भरून द्यावं लागतं, चोरीचा माल परत द्यावा लागतो तसंच. आणि इथे मोठी गंमत आहे. खोटा आळ घेतला असेल तर भरपाईचा रस्ता लाजिरवाणा असला तरी सरळ असतो: ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे जा आणि म्हणा, मी खोटं बोललो. पण खरी गोष्ट सांगितली असेल तर? ती खोटी होती असं म्हणता येत नाही, ते नवं खोटं होईल. सांगितलेलं खरं परत घेताच येत नाही. म्हणजे खरं सांगणाऱ्याची फेड खोटं सांगणाऱ्याहून अवघड. मग उपाय काय? एकच. त्याच माणसाचं काही चांगलं, आणि तेही तितकंच खरं, तितक्याच लोकांना सांगायचं.

हे ऐकल्यावर 'दुसऱ्यातलं चांगलं बघा' या वाक्याचा माझ्या डोक्यातला अर्थ बदलला. कॅलेंडरच्या पानाखाली छापतात तसलं ते वाक्य मला कायम बिनकामाचं वाटत आलंय. बघा म्हणजे काय, बघून काय करा? इथे मात्र ते गोड स्वभावाचं लक्षण नाही, ते देणं आहे. आणि देणं म्हटलं की हिशेब आला: किती घरांत बोललात, तितक्या घरांत फेडा.

रोमच्या संत फिलिप नेरींची पिसांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. सोळाव्या शतकातले हे गमते संत; निंदा करणाऱ्या एका बाईला त्यांनी म्हणे प्रायश्चित्त दिलं की कोंबडी घे, तिची पिसं उपटत गावभर फिर, आणि परत आल्यावर सांगितलं, आता ती सगळी गोळा करून आण. दर उपवासकाळात कुठला ना कुठला फादर प्रवचनात ही गोष्ट सांगतोच, असं मावशींचं म्हणणं. काकूंना सांगितली तर त्यांचा पहिला प्रश्न: "आणि त्या कोंबडीचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी काकू तयारी करून आल्या. डोंबिवलीशी सल्लामसलत झाली असणार.

"रमाबाईंचं काय मग?" त्यांनी कुंपणावर कोपर टेकवून विचारलं. "पंडिता रमाबाई. मुली बाटवल्या म्हणून पुण्यात केवढा गदारोळ झाला. तेव्हा लोकांनी बोलू नये होतं?"

उदाहरण त्यांनी मावशींना गप्प करायला काढलं, पण त्या विषयात मलाही दोन शब्द बोलता येतात. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असा शब्द होता. आणि १८९३ साली पुण्यात बोभाटा झाला की सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात. आता ही बातमी खोटी होती का? नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. त्यांचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही आणि कुणाला हाकलतही नाही. यावर तेव्हाही दोन मतं होती आणि आजही असू शकतात. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

"बघा!" काकू म्हणाल्या.

बघायचं ते पुढेच आहे. त्याच १८९३ साली, त्याच पुण्यात, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं. त्या गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे, शारदा सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. ख्रिस्ती झाल्या नाहीत. वैधव्य घेऊन तिथे गेल्या, शिकल्या, उभ्या राहिल्या. पुढे कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, हिंगणं, १९१६चं महिला विद्यापीठ हे सगळं झालं. त्या घरातल्या बाईचं शिक्षण ज्या संस्थेत झालं तिचं नाव पुण्यात तेव्हा 'बाटवणारी' म्हणून चाललं होतं. उघड्या दाराची बातमी खरी होती. गोदूबाईही खऱ्या होत्या. गावभर झाली ती पहिली.

काकूंना कर्व्यांबद्दल आदर आहे, त्यांच्या आत्या हिंगण्याला शिकलेल्या. त्या जरा थबकल्या. "हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या, पण ते डोंबिवलीला जाणार हे दिसत होतं.

मावशींनी मात्र आपल्या लोकांनाही सोडलं नाही. रमाबाईंना हिंदूंनी जसं तोललं तसं ख्रिस्त्यांनीही तोललं. इंग्लंडात वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या. पण रमाबाई मांसमच्छी खात नाहीत म्हणजे मनातून अजून ब्राह्मणच आहेत, गर्विष्ठ आहेत, सांगितलेलं ऐकत नाहीत, असा त्यांचा पत्रांमधून सूर. रमाबाई पत्राला पत्राने ठणकावून उत्तर देत आणि जेवत आपल्याच पद्धतीने. इकडचे म्हणत ख्रिस्ती झाली, तिकडचे म्हणत पुरती झाली नाही. आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका गोळा करून केडगावला आणायची वेळ आली तेव्हा दोन्हीकडच्या टीकाकारांना आपापल्या घरी बसवून ही बाई गाडीत बसली. शेकडो जणी आणल्या. तिथे छापखाना चालवला, बायकांना खिळे जुळवायला शिकवलं, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या.

निंदा नको म्हणजे दोष सांगूच नये असा जर कुणी अर्थ घेत असेल तर त्याने लक्ष्मीबाई टिळक वाचाव्यात. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली, रेव्हरंड टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. त्यात नवऱ्याचा तापट स्वभाव आहे, विसरभोळेपणा आहे, घरात पीठ नसताना पैसे वाटून टाकणं आहे. इतके दोष एखाद्या शत्रूनेही लिहिले नसते. पण पुस्तक मिटल्यावर वाचक टिळकांवर चिडत नाही, त्यांच्यावर जीव जडतो. कारण सांगणारी त्या दोषांची किंमत स्वतः मोजून बसलेली आहे. तिने ते ऐकीव सांगितलेलं नाही आणि आपण वर चढावं म्हणून सांगितलेलं नाही. १८९५ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हीच बाई हादरून गेली होती, काही वर्षं वेगळी राहिली, सोवळं सांभाळत राहिली, आणि १९००मध्ये स्वतःच्या पायांनी तिथवर चालत गेली. नवऱ्याला दोषी ठरवायला तिच्याइतका हक्क कुणाला होता?

मावशींनी मध्येच विचारलं, "तू चर्चमध्ये बोलायला येशील का?" मी म्हटलं, आधी नळाला पाणी येऊ दे.

सगळं इतकं गोड मात्र नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी जो मुद्दा काढला तो मावशींना लागला, आणि मला विचाराल तर तो लागायलाच हवा होता.

"एक विचारू? राग मानू नका. तुमच्या चर्चमध्ये परदेशात ती पोरांची प्रकरणं झाली. वर्षानुवर्षं दाबली. तिथेही हेच चाललं होतं ना, फादरचं नाव खराब नको, त्यांचं चांगलं बघा?"

२००२ साली 'बोस्टन ग्लोब'ने बोस्टनच्या धर्मप्रांतातली प्रकरणं छापली तेव्हा नेमकं हेच बाहेर आलं होतं. वरच्यांना माहीत होतं, आणि एका ठिकाणचा पाद्री उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला जात होता. मावशींनी कढीपत्त्याची डहाळी खाली ठेवली. "चांगलं बघायला नाही गप्प बसले ते, चर्चची अब्रू जपायला बसले," त्या म्हणाल्या. "परवा मी काय म्हटलं, कारण असेल तर बोलायचंच. पोराच्या अंगाला हात लागला याहून मोठं कारण कुठलं?" २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी नियमच केला की अशी गोष्ट कळली तर फादर-सिस्टरांनी वरिष्ठांना कळवलीच पाहिजे आणि कळवणाऱ्याला गप्प बसवायचं नाही. हाच पोप २०२०मध्ये, ऐन साथीत, चहाडी ही कोविडहून वाईट रोगराई आहे असं रविवारच्या प्रार्थनेत सांगत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. विसंगती मला तरी दिसत नाही.

माझं स्वतःचं मत जरा कडू आहे. 'दुसऱ्याचं चांगलं बघ' हे बहुतेक वेळा वरचा खालच्याला सांगतो. सासूचं चांगलं बघ, हे सुनेला सांगतात. सुनेचं बघ म्हणून सासूला कुणी सांगत नाही. साहेबाचं चांगलं बघ, नवऱ्याचं बघ, ट्रस्टींचं बघ. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याबद्दल बोलताना सबळ कारण लवकर सापडतं, सापडायलाच हवं. कोपऱ्यातल्या पेन्शनर नानांच्या बाबतीत ते शोधत बसावं लागतं.

जेझुइट संघ काढणारे संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकातच एक पद्धत घालून दिली होती, ती मावशींना तोंडपाठ. समोरच्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावायला बघ. लागत नसेल तर त्यालाच विचार, तुला काय म्हणायचंय. तो चुकत असेल तर मायेने सांग. त्यांच्यानंतरचे संत फ्रान्सिस द सालेस आणखी व्यवहारी. माणूस एकदा प्यायला म्हणून दारुडा होत नाही, असं ते म्हणत आणि दाखला देत नोहाचा, जो एकदा द्राक्षारस पिऊन तर्र झाला होता आणि तरीही नोहाच राहिला. कृती सांगा, शिक्का मारू नका. नाना मोटर लावतात हे एक वाक्य झालं. नाना पाणीचोर आहेत हे दुसरं. काकूंच्या चार घरांत दुसरं पोचलं होतं.

शिक्क्यांवरून आठवलं. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. तेव्हा काकूंचं मत ठाम: "पाद्री कशाला मराठी संमेलनाला?" असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या, आयोजकांना धमकीचे फोन गेले होते. दिब्रिटो वसईचे, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक. वसईची हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेले. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार घेतलेले. पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी संमेलनाला गेले. काकूंनी तोवर त्यांची एक ओळ वाचलेली नव्हती. मावशींनी वाद घातला नाही, 'ओअ‍ॅसिसच्या शोधात' आणून हातात दिलं. काकूंनी ते वाचलं, आवडलं, दोघा-तिघांना सांगितलं. पुस्तक मात्र अजून परत केलेलं नाही. (हे मी सांगतेय त्याला सबळ कारण आहे की नाही, याचा निर्णय वाचकांवर.) २०२४च्या जुलैत दिब्रिटो गेले तेव्हा पहिला फोन काकूंचाच, "मावशी, बातमी बघितली का?"

तर मोटर. मत्तयच्याच अठराव्या अध्यायात येशूने भांडणाचा क्रम लावून दिलाय. चूक दिसली तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही ऐकलं तर मग मंडळीसमोर मांड. आमच्या अंगणात क्रम नेमका उलटा चालतो. आधी मंडळी, मग एक-दोघे, आणि ज्याचं आहे त्याला कधीच नाही. मावशी उठल्या, सुकेळ्यांचा पुडा घेतला आणि गुडघे सावरत नानांकडे गेल्या. काकू खिडकीत. मी पण जरा कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आले, पाणी नव्हतं तरी.

अर्ध्या तासाने मावशी परत आल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सगळेच लावतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"त्यांनी एका घराचं नाव सांगितलं."

काकू कुंपणावरून जवळजवळ पलीकडे पडल्या. "कुणाचं?"

"ते मी नाही सांगणार."

मी काकूंना इतक्या वर्षांत असं तडफडताना बघितलं नव्हतं. "मावशी, नाव सांगा. मी कुणाला सांगणार नाही." मावशी कढीपत्ता खुडतायत. "निदान आपल्या ओळीतलं की पलीकडच्या?" काही नाही. पुढचे काही दिवस साडेसहाला काकू मॉर्निंग वॉकच्या नावाखाली सातही घरांच्या भिंतींना कान लावत फिरत होत्या. माझ्याही.

नानांचा टी निघाला नाही, तो आजही आहे. पण मोटर आता सातनंतर सुरू होते, सगळ्यांच्या टाक्या भरल्यावर. याला यश म्हणायचं की तडजोड, ठरवा.

मग जून आला. पहिल्या पावसाआधी आमच्या अंगणातल्या गटाराची जाळी तुंबते. अंगणाच्या कडेला बदामाचं झाड, त्याची पानं लांब-रुंद आणि चिवट. एक पान जाळीवर बसलं की पाणी थांबलंच. २६ जुलै २००५ला ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं त्यांना त्या जाळीची किंमत माहीत आहे. ती साफ कोण करतं? सफाई कामगार कधी येतो, कधी येत नाही. मावशी म्हणाल्या, "उद्या सहाला बाहेर ये."

गेलो आम्ही तिघी. नाना उकिडवे बसले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात जुन्या छत्रीच्या काडीला वाकवून केलेला आकडा. जाळी उचलून बाजूला टेकवलेली. आकडा आत घालून ते पानांचा काळा लगदा ओढत होते. त्यातून दुधाची पिशवी निघाली, शटलकॉक निघालं, एका बाळाचा मोजा निघाला. मोजा त्यांनी बादलीत खंगाळला, पिळला आणि कठड्यावर वाळत घातला, ज्याचा असेल तो नेईल म्हणून. आमच्याकडे बघितलं नाही. दर जूनला ते हे करतात, दर पंधरा दिवसांनी पावसाळाभर, आणि सात घरांपैकी कुणाला याचा पत्ता नव्हता, कारण त्या वेळी आम्ही झोपलेलो असतो. फक्त मावशींना माहीत होतं, त्या पहाटेच्या मिस्सेला निघतात.

"चार घरं, दूधवाला आणि डोंबिवली," मावशी काकूंना म्हणाल्या.

काकूंनी यादी घेतल्यासारखी मान हलवली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी काम चोख केलं. चारही घरांत गेल्या, छत्रीच्या काडीपासून मोज्यापर्यंत सगळं रंगवून सांगितलं. दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं. साडेदहाला डोंबिवली लागली. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला ऐकू येणं भागच होतं. काकूंनी नानांची सगळी गोष्ट सांगितली. तिकडून बराच वेळ काहीतरी आलं. मग काकू म्हणाल्या, "अगं नाही गं... साफच करतात... मी स्वतः बघितलं."

फोन ठेवून त्या कुंपणाशी आल्या, चेहरा पडलेला.

"काय म्हणाली बहीण?" मावशींनी विचारलं.

"ती म्हणते, रोज पहाटे गटारात हात घालतो म्हणजे नक्की काहीतरी हरवलंय त्याचं. नीट लक्ष ठेव."